मुंबईचा अब्दुल बारी आणि स्क्वॉशची चार भिंतींतली गोष्ट

आज खेळाच्या इतिहासातली एक गोष्ट सांगतो. खेळ आहे स्क्वॉश. आपल्या छत्रपती संभाजीनगरात आमखास मैदानावर बॅट-बॉल घेऊन कुणीही उतरू शकतं. स्क्वॉशचं तसं नाही. त्याला चार भिंती लागतात, लाकडी फ्लोअर लागतं. साधारण पावणेदहा मीटर लांब आणि साडेसहा मीटर रुंद खोली. आता ही खोली बांधणार कोण आणि तिची किल्ली कुणाकडे असणार? भारतातल्या स्क्वॉशचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

खेळ जन्मला इंग्लंडमध्ये, एकोणिसाव्या शतकात, हॅरो नावाच्या शाळेत. तिथून तो इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर भारतात आला आणि छावण्यांमध्ये, जिमखान्यांमध्ये रुजला. खेळायचे साहेब. पण साहेबांना सराव द्यायला, गुण मोजायला, बॉल आणून द्यायला माणसं लागायची. गंमत बघा, पुढे जगावर राज्य केलं ते याच माणसांनी आणि त्यांच्या घरातल्या पोरांनी.

पेशावरजवळ नवाकिल्ले नावाचं गाव आहे. तिथला हाशिम खान लहानपणी अधिकाऱ्यांच्या क्लबात बॉल उचलायचा. तिथल्या कोर्टांना छत नव्हतं, त्यामुळे बॉल बाहेर उडायचे. साहेब लोक उन्हात विश्रांतीला गेले की हा अनवाणी कोर्टात शिरायचा आणि खेळत बसायचा. 1944 मध्ये मुंबईत अखिल भारतीय स्पर्धा झाली आणि ती हाशिमने जिंकली. पुढची दोन वर्षंही तोच विजेता.

याच हाशिमचा एक दूरचा नातेवाईक होता, अब्दुल बारी. तो मुंबईत होता. 1947 मध्ये फाळणी झाली. हाशिम पाकिस्तानात, बारी मुंबईत. बारीने इथेच राहायचं ठरवलं.

1950 मध्ये भारताने बारीला ब्रिटिश ओपनला पाठवलं. त्या काळी ब्रिटिश ओपन म्हणजे जवळजवळ वर्ल्ड चॅम्पियनशिपच. बारी थेट फायनलला पोचला! तिथे इजिप्तच्या महमूद करीमकडून हरला. पण ही बातमी पेशावरला गेली. हाशिमच्या मनात काय आलं असेल, विचार करा. ज्याला आपण अनेकदा हरवलंय, तो जगात दुसरा? मग त्याने पाठबळ मिळवायची धडपड केली. पाकिस्तानच्या हवाई दलाने मदत केली आणि 1951 मध्ये, तिशी उलटून गेल्यावर, हाशिमने त्याच करीमला हरवून ब्रिटिश ओपन जिंकली. पुढे एकूण सात वेळा जिंकली. जहांगीर खान, जानशेर खान हे सगळे त्याच गावच्या मुळाचे.

म्हणजे पाकिस्तानच्या त्या दबदब्याला ठिणगी पडली ती मुंबईत राहिलेल्या एका माणसामुळे. आणि आज अब्दुल बारी हे नाव आपल्यापैकी किती जणांना माहितीये?

आपल्याकडे मात्र खेळ बराच काळ क्लबांच्या आतच राहिला. चांगले खेळाडू झाले, नाही असं नाही. भुवनेश्वरी कुमारीने 1977 ते 1992 सलग 16 वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. पण चित्र खरं बदललं ते चेन्नईत अकादमी उभी राहिल्यावर. सौरव घोषाल, जोश्ना चिनप्पा, दीपिका पल्लिकल ही नावं तिथूनच पुढे आली.

आता आपला माणूस. मुंबईचा महेश माणगावकर. 2014 च्या इंचॉन एशियाडमध्ये पुरुष संघाने गोल्ड जिंकलं, त्यात तो होता. 30 सप्टेंबर 2023, हांगझोऊ, एशियाडची फायनल, समोर पाकिस्तान. महेश पहिली मॅच हरला. सौरवने बरोबरी साधली. शेवटच्या मॅचमध्ये अभय सिंगने दोन मॅच पॉइंट वाचवले आणि भारत 2-1 ने जिंकला. बारी आणि हाशिमच्या ताटातुटीला तेव्हा 76 वर्षं झाली होती.

त्यानंतर 16 दिवसांनी, मुंबईतच भरलेल्या ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात, स्क्वॉशला 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जागा मिळाली. पहिल्यांदाच!

आनंद आहेच. पण मला वाटतं, खरा प्रश्न पदकांचा नाही. हाशिमला कोर्ट मिळालं ते साहेब झोपल्यावर. मराठवाड्यातल्या एखाद्या पोरीला ते दिवसाढवळ्या, हक्काने मिळायला हवं. तुमच्या गावात, शहरात स्क्वॉश कोर्ट आहे का? असेल तर तिथे कोण खेळतं? मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!