जन्मभाषकाचा भ्रम

बदलापूरच्या शिरगाव, कात्रप, खरवई या भागात परदेशी जाऊन इंग्रजी शिकवण्याचा विषय निघाला की एक मत ठरल्यासारखं पुढे येतं. इंग्रजी शिकवायला गोरा माणूस लागतो, फार तर कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला. पाचवीत एबीसीडी गिरवलेल्या मराठी माध्यमवाल्यानं एमआयडीसीतली चालू नोकरी सोडून असल्या फंदात पडू नये. हे सांगणारे परके नसतात. वडील असतात, सासरे असतात, रोज एकाच डब्यातून बदलापूर ते सीएसएमटी असा अडुसष्ट किलोमीटरचा प्रवास करणारे सोबती असतात. ते काळजीपोटी बोलतात, म्हणून त्यांचं म्हणणं कुणी तपासत नाही. मला ते तपासायचं आहे, कारण माझ्या मते ते चूक आहे आणि त्या चुकीचा भुर्दंड आपल्या भागातली माणसं रोख रकमेत भरतात.

तो भुर्दंड असा. ज्याची इच्छा या बोलण्यानंही मरत नाही, तो आपल्यात काय कमी आहे ते शोधू लागतो आणि त्याला उत्तर मिळतं, उच्चार. मग घामाचे पैसे अमेरिकन अ‍ॅक्सेंटच्या वर्गाला जातात, स्पोकन इंग्लिशच्या एकामागून एक बॅचला जातात, घरबसल्या मिळणाऱ्या प्रमाणपत्राला जातात. यातलं काहीही त्याला शिक्षक करत नाही. भाषा शिकवण्याची पात्रता जन्मानं येत नाही, ती शिकून येते. हे एकदा नीट पटलं की बचत किती करायची आणि ती कशावर खर्च करायची याचा हिशेबच बदलतो.

पूर्वपक्ष दुबळा करून खोडण्यात अर्थ नाही. त्याच्यामागे मोठमोठ्या विद्वानांची परंपरा आहे. १९६१ साली युगांडातल्या मकेरेरे इथे इंग्रजी अध्यापनावर राष्ट्रकुल परिषद भरली होती. तिथून जी गृहीतकं जगभर रुजली, त्यांत ‘आदर्श शिक्षक म्हणजे जन्मभाषक’ हे एक ठळक होतं. ज्याच्या कानावर पाळण्यात असल्यापासून इंग्रजी पडली, त्याला शुद्ध-अशुद्ध आपोआप कळतं, म्हणीवाक्प्रचार त्याच्या जिभेवर असतात, हा त्यामागचा युक्तिवाद. तो खोटा नाही. पण त्यातून शिकवणं सिद्ध होत नाही, बोलणं तेवढं सिद्ध होतं. १९९२ साली रॉबर्ट फिलिपसन यांनी ‘लिंग्विस्टिक इम्पीरियलिझम’ या ग्रंथात मकेरेरेची ही गृहीतकं एकेक करून तपासली आणि त्यांना सरळ भ्रम म्हटलं. पुढे हंगेरीचे पीटर मेजेश यांनी, जे स्वतः इंग्रजीचे जन्मभाषक नव्हते, त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा असा की, ज्यानं भाषा कष्टानं मिळवली त्याला शिकणारा कुठे अडखळणार हे आधीच ठाऊक असतं.

या मुद्द्याला आपल्याकडचा पुरावा जोडतो. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ यांसारखी उपपदं नाहीत. जपानी, कोरियन आणि थाई या भाषांतही नाहीत. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, जपानी आणि कोरियनमध्येही शेवटी येतं. आपण नामानंतर प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय लावतो. जपानी आणि कोरियन भाषकही नामानंतरच लावतात. म्हणजे सोलच्या मुलाला इंग्रजीकडे जाताना जी वाट तुडवावी लागते, तिचा मोठा भाग बदलापूरच्या मुलानं आधीच तुडवलेला असतो. ‘द’ कुठे घालायचा हे लंडनच्या माणसाला बरोबर कळतं, पण का घालायचा हे विचारल्यावर तो बहुधा थांबतो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर घासून इंग्रजी शिकलेल्या माणसाला नियमही सांगता येतो, अपवादही सांगता येतो, आणि तो नियम आपल्या डोक्यात बसायला किती दिवस लागले हेही आठवतं. वर्गात याच आठवणीचा उपयोग होतो.

अध्यापनपद्धतीबद्दलही असंच. परदेशी शाळांत आज ‘टास्क’ देऊन भाषा शिकवण्याच्या पद्धतीचा मोठा बोलबाला आहे. तिचा एक पाया दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत घातला गेला. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात ‘बंगलोर प्रकल्प’ चालवला. व्याकरण समोर न ठेवता वेळापत्रक, नकाशा, हिशेब असली कामं मुलांकडून करवून घेत इंग्रजी शिकवायची, हा तो प्रयोग. १९८७ साली त्यावरचं त्यांचं ‘सेकंड लँग्वेज पेडॅगॉजी’ हे पुस्तक आलं आणि या विषयात त्याला मान मिळाला. ज्या देशातून पद्धत बाहेर गेली, त्या देशातला प्रशिक्षित शिक्षक बाहेर का जाऊ नये, याचं उत्तर पूर्वपक्षाकडे नाही.

तो गेलाही आहे. भूतानच्या शाळा उभ्या राहिल्या त्यात भारतीय शिक्षकांचा वाटा फार मोठा होता. हैले सेलासींच्या इथिओपियात भारतीय शिक्षक गावोगाव होते. मराठीतलं नाव हवं असेल तर विलास सारंग घ्या. आपल्या आधुनिक कथेतलं हे महत्त्वाचं नाव. ते १९७० च्या दशकात इराकमधल्या बसरा विद्यापीठात इंग्रजीचे अध्यापक होते आणि पुढे कुवेत विद्यापीठात. ‘एन्कीच्या राज्यात’ ही कादंबरी त्या इराकी अनुभवातून आली. हुकूमशाहीच्या सावलीत शिकवणाऱ्या परक्या अध्यापकाची घुसमट तिच्यात आहे, त्यामुळे परदेशी नोकरी म्हणजे नुसता सुखाचा पगार असं समजणाऱ्यानं ती जरूर वाचावी. धर्मानंद कोसंबी यांचं उदाहरण मला याहून बोलकं वाटतं. गोव्यात घरची शेती सांभाळणारा हा माणूस तेविसाव्या वर्षी ज्ञानासाठी घराबाहेर पडला, प्रौढपणी पाली शिकला, आणि पुढे हार्वर्ड व लेनिनग्राडपर्यंत पोचला. पालीचा जन्मभाषक जगात कुणीच नाही, म्हणून तिथे हा प्रश्न आड आला नाही. पाहिली गेली ती विद्या.

‘चालू नोकरी सोडू नये’ या अर्ध्या भागालाही उत्तर आपल्याच इतिहासात आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७९ साली सरकारी शिक्षकाची नोकरी सोडली आणि १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. तेव्हा ते तिशीच्या आतले होते. आणि घरच्या भाषेबद्दल म्हणाल तर आपला पट्टा पाहा. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी कुटुंबांनी उल्हासनगर उभं केलं. त्यांतल्या कितीतरी प्रौढांनी नव्या भाषा पिकल्या वयात शिकून त्यांच्यावर धंदा केला. घरची भाषा हीच माणसाची हद्द, हे मत निदान या गावांत तरी टिकू नये.

आता पूर्वपक्षाचा खरा बळकट मुद्दा. तो कायद्याचा आहे आणि तो मी मान्य करतो. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकाचा व्हिसा मुख्यतः सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. पण या यादीतच भ्रमाचं खंडन दडलेलं आहे. दक्षिण आफ्रिकेत घरी इंग्रजी बोलणारे दहा टक्क्यांच्या आत आहेत. म्हणजे कायदा पासपोर्ट पाहतो, पाळणा पाहत नाही. शिवाय १ जानेवारी २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करारानं भारतीयांना कोरियन शाळांत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून जाण्याची वाट ठेवली आहे. तिथे इंग्रजीची पदवी आणि अध्यापनाचं प्रमाणपत्र मागतात. आखातात तर सीबीएसईच्या भारतीय शाळा आहेत. परदेशातल्या अशा शाळांची एकूण संख्या दोनशेच्या वर आहे. तिथे इंग्रजीचा शिक्षक नेमताना विचारलं जातं ते बी.एड. आणि अनुभव.

तेव्हा बचत बी.एड.साठी करावी. हा नियमित अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा आहे आणि प्रवेशासाठी राज्य सीईटी कक्षाची परीक्षा द्यावी लागते. खरा खर्च फीचा किंवा विमानाच्या तिकिटाचा नाही. दोन वर्षं पगार बंद राहतो, तो खर्च सर्वांत मोठा. समजा शिरगावातल्या एका घराचा महिन्याचा खर्च २५,००० रुपये आणि फ्लॅटचा हप्ता १२,००० रुपये आहे, आणि नवराबायकोपैकी एकाची २०,००० रुपयांची कमाई चालू राहणार आहे. दरमहा तूट १७,००० रुपये. दोन वर्षं शिक्षणाची आणि त्यानंतर नोकरी लागेपर्यंतचे सहा महिने, असे तीस महिने धरले तर ५,१०,००० रुपये. फी वेगळी. महिन्याला १२,००० रुपये बाजूला पडत असतील तर या रकमेला साडेतीन वर्षं लागतात. ही साडेतीन वर्षं वाट पाहण्यात घालवू नयेत. नोकरी करताना दूरस्थ पद्धतीनं इंग्रजीत एम.ए. या काळात सहज पुरं होतं. त्या अभ्यासात वाचलेली पुस्तकं उच्चाराच्या कोणत्याही वर्गापेक्षा जास्त इंग्रजी देतात.

बी.एड. झाल्यावर दोन-तीन वर्षं इथल्याच शाळेत शिकवावं. पस्तिशीत सुरुवात करणारा माणूस बाहेर पडेपर्यंत त्रेचाळीस-चव्वेचाळिशीचा होईल. हे ऐकायला लांब वाटतं, पण जो तीन महिन्यांत पाठवतो म्हणतो त्याच्याकडे पैसे भरून पुन्हा पहिल्याच पायरीवर येण्यापेक्षा हे बरं. नोंदणीकृत भरती एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं. त्याहून मोठी रक्कम कुणी मागत असेल तर तिथून उठावं.

मधल्या काळात पीएफला हात लावू नये. पाच वर्षांची सलग सेवा होण्याआधी रक्कम काढली तर तिच्यावर कर लागतो, आणि दहा वर्षांची सेवा भरली असेल तर निवृत्तिवेतनाचा हक्क उभा राहतो. नऊ वर्षं झालेल्या माणसानं एक वर्ष थांबणं शहाणपणाचं. गृहकर्ज चालू असेल तर सहा महिन्यांच्या हप्त्यांइतकी रक्कम वर काढलेल्या आकड्याबाहेर ठेवावी. पदवीचे कागद प्रमाणित करून घ्यायलाही वेळ आणि पैसा लागतो. भारत २००५ पासून हेग करारात आहे, त्यामुळे ओमान, सौदी अरेबिया, कोरिया यांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टील पुरतो. कुवेत, कतारसारख्या देशांसाठी त्यांच्या दूतावासाचा शिक्का लागतो. परदेशी गेल्यावर इथलं बचत खातं एनआरओ करून घ्यावं आणि तिकडची कमाई एनआरई खात्यात पाठवावी. एनआरई खात्यावरच्या व्याजाला इथे प्राप्तिकर नाही.

मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली. त्याआधी शिकलेल्या, म्हणजे आज तिशीच्या पुढे असलेल्या माणसाला पाचवीपर्यंत थांबावं लागलं. त्यानं लाजावं असं त्यात काही नाही. उशिरा शिकलेली भाषा त्याला पायरी-पायरीनं आठवते आणि पायरी-पायरीनंच सांगता येते. म्हणून शिरगावातल्या, अंबरनाथमधल्या, उल्हासनगरातल्या अशा प्रत्येकाला माझी विनंती आहे. अ‍ॅक्सेंटच्या वर्गाची पुढची फी भरू नका. ते पैसे बाजूला ठेवा, आणि बी.एड.च्या सीईटीचं वेळापत्रक या आठवड्यातच पाहून घ्या.