मका आला, चुना राहिला

भारतीय आणि मेक्सिकन जेवण एकाच घरात सुखाने नांदतं, यात आता कुणाला नवल वाटत नाही. कांदा, मिरची, टोमॅटो, कोथिंबीर, लिंबू, जिरं एवढं घरात असलं की संध्याकाळी साल्सा करायचा की कोशिंबीर, एवढाच प्रश्न उरतो. राजमा उरला तर दुसऱ्या दिवशी तो टॉर्टियात जातो. यामागचं ठरलेलं उत्तर असं, की आपल्या चवी सारख्याच आहेत. मला ते पुरत नाही. चवी आपोआप सारख्या होत नसतात. मिरची, मका, टोमॅटो हे सगळं तिकडून आपल्याकडे आलं. ‘टोमॅटो’ हा शब्दच मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतल्या ‘तोमात्ल’वरून आलाय. कोथिंबीर आणि जिरं स्पॅनिश लोकांबरोबर तिकडे गेलं. १५६५ ते १८१५ या अडीचशे वर्षांत मनिला ते अकापुल्को अशी स्पॅनिश गलबतं ये-जा करत होती, त्या वाटेने आशियातलं कायकाय तिकडे उतरलं. मेक्सिकोत आजही आंब्याच्या एका जातीला ‘मनिला’च म्हणतात.

पण जिन्नस जहाजात चढला म्हणून तो कसा रांधायचा हेही त्याच्यासोबत चढतं असं नाही. मक्याच्या बाबतीत ते चढलं नाही. त्याची किंमत लोकांनी जीव देऊन मोजली.

हा फरक तुम्हाला घरच्या ओट्यावर दिसू शकतो. खानदेशात, सातपुड्यात मक्याची भाकरी करतात. जिने केली असेल तिला ठाऊक आहे, ते पीठ ऐकत नाही. गरम पाणी घालावं लागतं, हाताने मळमळ मळावं लागतं, तरी थापताना कडा फाटतात. मेक्सिकोतली मक्याची टॉर्टिया मात्र कागदासारखी पातळ होते, दुमडते, आत भाजी भरली तरी तुटत नाही. धान्य तेच. फरक पडतो तो चुन्याने.

तिकडच्या बायका वाळलेला मका चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात शिजवतात आणि रात्रभर त्यातच ठेवतात. सकाळी धुऊन, साल चोळून काढून, ओलाच वाटतात. या शिजवलेल्या मक्याला ‘निश्तामाल’ म्हणतात. त्यात नाहुआत्लमधला राखेसाठीचा शब्द दडलेला आहे. ही पद्धत तीन हजार वर्षांहून जुनी आहे. चुन्यामुळे दाण्याचं साल सुटतं आणि पिठाला चिकटपणा येतो, हे डोळ्यांना दिसतं. न दिसणारी गोष्ट अशी, की मक्यातलं नायसिन नावाचं जीवनसत्त्व इतर घटकांना असं जखडलेलं असतं की नुसतं शिजवून ते आपल्या अंगी लागत नाही. चुना ते मोकळं करतो.

मी हे घरी करतो. अर्धा किलो वाळलेला मका, पाच ग्रॅम खाण्याचा शुद्ध चुना, दीड लिटर पाणी. बियाण्याच्या दुकानातला मका आणू नका, त्याला औषध लावलेलं असतं. पातेलं स्टीलचं घ्या, अ‍ॅल्युमिनियमला चुना खातो. पाण्यात चुना ढवळून त्यात मका अर्धा-पाऊण तास मंद आचेवर शिजवायचा आणि झाकून रात्रभर ठेवायचा. पाणी पिवळंधमक होतं. वास येतो तो ओल्या भिंतीचा आणि भाजलेल्या कणसाचा, दोन्ही एकदम. सकाळी चार-पाच पाण्यांनी धुवायचा. मिक्सरमध्ये अगदी थोडं पाणी घालून बारीक वाटला की गोळा होतो. प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवून वर ताटलीने दाबायचा आणि तापलेल्या तव्यावर टाकायचा.

यातली एकही वस्तू आपल्याकडे नवी नव्हती, हे मला फार खुपतं. चुना तर घरोघरी पानाच्या डब्यात होता. चुन्याची निवळी लहान मुलांना पाजत. पेठा करताना कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या पाण्यात ठेवत. मेक्सिकन बाई ज्या ‘मेताते’वर मका वाटते, तो पाट्या-वरवंट्याचा सख्खा भाऊ शोभावा. सामान सगळं होतं. सांगणारं कुणी नव्हतं.

सांगणार तरी कोण? मका जगभर नेला खलाशांनी, व्यापाऱ्यांनी, पाद्र्यांनी. यांतला कुणी मेतातेपुढे गुडघे टेकून बसलेला नव्हता. त्यांना बी दिसलं, पीक दिसलं. चुना घालणं त्यांच्या लेखी साल काढायची युक्ती होती, आणि चक्कीवर ते काम चुन्याशिवाय होतं.

परिणाम दिसायला वेळ लागला. स्पेनमधल्या आस्तुरियास भागात गास्पार कासाल या डॉक्टरने १७३५ मध्ये गरीब शेतकऱ्यांमधला एक विचित्र आजार पाहिला. उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडून खरखरीत व्हायची, जुलाब लागायचे, मग भ्रम व्हायचा आणि माणूस जायचा. १७७१ मध्ये इटलीत फ्रापोली याने त्याला ‘पेलाग्रा’ म्हटलं, म्हणजे खरखरीत कातडी. उत्तर इटलीतली गरीब माणसं तेव्हा मक्याच्या पिठाचा पोलेंटा खाऊन जगत होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाच आजार अमेरिकेच्या दक्षिणेत पसरला. कापूस गिरण्यांचे कामगार, खंडकरी शेतकरी, तुरुंग, अनाथालयं. मरणारे हजारोंनी होते. बड्या डॉक्टरांचा एक गट म्हणत राहिला की हा संसर्ग आहे, घाणीतून येतो. जोसेफ गोल्डबर्गर १९१४ पासून सांगत होता की दोष ताटात आहे. ते पटवायला १९१६ मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी रोग्यांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं, त्यांच्या कातडीच्या खपल्या गोळ्या करून गिळल्या. कुणालाच काही झालं नाही. तरी विरोध संपला नाही. नायसिनची कमतरता हे कारण १९३७ मध्ये कॉनराड एल्व्हेयेमच्या प्रयोगांतून पक्कं झालं. गोल्डबर्गर तेव्हा हयात नव्हता.

एवढ्या सगळ्या काळात टेक्ससच्या सीमेपलीकडे मेक्सिकन बायका रोज संध्याकाळी मका चुन्यात टाकत होत्या.

आपणही यातून पूर्ण सुटलो नव्हतो, जरी आपली गोष्ट वेगळी आहे. दख्खनच्या पठारावर नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या मजुरांत पेलाग्रा दिसत होता. हैदराबादच्या सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यावर लिहिलं. ज्वारीतल्या ल्यूसिनच्या जादा प्रमाणाला त्यांनी जबाबदार धरलं होतं, त्यावर पुढे वाद झाले. भाकरीबरोबर डाळ, दूध, मासळी असेल तर हा प्रश्न येत नाही. तो येतो ताटात फक्त भाकरी उरते तेव्हा.

मेक्सिकोतल्या शहाण्यासुरत्या पुरुषांनाही चुलीपाशी काय चाललंय ते दिसलं नाही. फ्रान्सिस्को बुल्नेस या लेखक-राजकारण्याने १८९९ च्या आपल्या पुस्तकात जगाची वाटणी गहू, तांदूळ आणि मका खाणाऱ्यांत केली आणि मका खाणारे मागे राहणारच असा निवाडा दिला. भाकरी गावंढळ आणि पोळी सोवळी, हे ज्यांनी घरात ऐकलंय त्यांना हा सूर ओळखीचा वाटेल. पण उलट टोक गाठून आजीच्या हातचं, पाट्यावरचं म्हणून उमाळे काढण्यातही मला अर्थ दिसत नाही. एका कुटुंबाचा मका वाटायला बाईचे दिवसाचे चार-पाच तास जात, तेही गुडघ्यांवर. विसाव्या शतकात गावोगाव निश्तामालच्या गिरण्या आल्या तेव्हा कुरकुर केली ती पुरुषांनी. गिरणीच्या पिठाला चव नाही, म्हणे.

मक्याकडे वेगळ्या नजरेने पाहणारा एक मराठी माणूस मात्र त्या काळात मेक्सिकोत होता. वर्ध्यात १८८४ साली जन्मलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे. गदर चळवळीत होते, ब्रिटिश मागावर होते, देशोदेशी फिरत १९२४ मध्ये मेक्सिकोला पोहोचले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांनी शिकवलं, मक्याच्या वाणांवर काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा काढल्या. त्यांच्या मक्याच्या कणसांचे फोटो तीना मोदोत्तीने काढले, आणि दिएगो रिव्हेराने १९२८ मध्ये ‘आपला रोजचा पाव’ या भित्तिचित्रात त्यांनाच पाव मोडणारा म्हणून रंगवलं. खानखोज्यांचं काम शेतातलं, बियाण्याचं होतं. एवढा माणूस दोन्ही देश ओळखणारा, पण मराठी स्वयंपाकघरात निश्तामाल त्यांच्याबरोबरही आला नाही. त्यात त्यांचा दोष काढावा असं काही नाही. ही गोष्ट एकाच चुलीपाशी रोज दोघं उभी राहिली तरच पोहोचते.

तशी चूल पेटली ती कॅलिफोर्नियात. तिथे शेतमजुरीला गेलेले पंजाबी पुरुष, बहुतेक शीख, काही मुसलमान, १९१७ च्या कायद्यामुळे अडकले. आशियातून नवीन माणूस येणं बंद झालं, त्यामुळे बायकोला बोलावता येईना. १९१३ च्या कायद्याने, नागरिक होऊ न शकणाऱ्यांना शेतजमीन विकत घ्यायला बंदी होती, आणि १९२३ मध्ये भगतसिंग थिंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय ‘गोरे’ नाहीत, म्हणून नागरिकही होऊ शकत नाहीत असं सांगितलं. गोऱ्या बाईशी लग्न करणं कायद्यात बसत नव्हतं. मेक्सिकन क्रांतीच्या धामधुमीत सीमा ओलांडून आलेली कुटुंबं इम्पीरियल व्हॅलीत त्याच कापसाच्या शेतांत राबत होती. लग्नाच्या कचेरीत कारकून दोघांच्या कातडीकडे बघायचा आणि वर्णाच्या रकान्यात दोघांनाही ‘तपकिरी’ लिहून मोकळा व्हायचा. १९१६ च्या सुमारास सुरू झालेली ही लग्नं पुढे शेकड्यांनी झाली. कॅरेन लिओनार्ड या अभ्यासिकेने या घरांचा इतिहास १९९२ च्या पुस्तकात नोंदवला आहे.

मजुरांच्या तळांवर हे पुरुष स्वतः रांधायला शिकले होते. त्यांनी बायकांना कोंबडीचा रस्सा आणि रोटी शिकवली. बायका उत्तर मेक्सिकोच्या असतील तर गव्हाच्या टॉर्टियाचा हात आधीच बसलेला, रोटी लाटणं जड गेलं नाही. मिरचीबद्दल तर दोघांपैकी कुणाला काही समजावायची गरज नव्हती. एका टेबलावर टॉर्टिया, राजम्यासारख्या शेंगा, भात आणि रस्सा. हे संसार फार गोड होते असं समजू नका. घटस्फोट बरेच झाले. मुलं कॅथलिक झाली, आईची स्पॅनिश बोलली, बापाची पंजाबी फारशी कुणाला आली नाही. १९४६ मध्ये भारतीयांना नागरिकत्व मिळू लागलं, १९६५ नंतर पंजाबातून पूर्ण कुटुंबं येऊ लागली, आणि नव्या पंजाबी समाजाला या सिंग आडनावाच्या मेक्सिकन पोरांचं काय करावं ते कळेना.

धर्म, भाषा, पंजाबातलं गाव, सगळं सुटत गेलं तरी जेवण राहिलं. युबा सिटीत रसूल कुटुंबाचं ‘एल रांचेरो’ नावाचं हॉटेल होतं. १९५४ मध्ये निघालेलं हे हॉटेल १९९३ पर्यंत चाललं. मेक्सिकन जेवणाबरोबर तिथे रोटी केसादिया मिळायची. तव्यावरची रोटी, आत चीज, कांदा आणि शिजवून तंतू काढलेलं बीफ, शेजारी वाटीत रस्सा.

ही केसादिया घरी करायला पाककृती शोधावी लागत नाही. बीफऐवजी मी रात्रीचं चिकन वापरतो, पोळी सकाळची असली तर जास्त बरी, आणि वरून ठेचा.