ला त्राव्हियाता या संगीतिकेची ध्वनिमुद्रणे

ज्युझेप्पे व्हेर्दी यांची ‘ला त्राव्हियाता’ ही तीन अंकी इटालियन संगीतिका (ऑपेरा) ६ मार्च १८५३ रोजी व्हेनिस येथील ला फेनीचे नाट्यगृहात प्रथम सादर झाली. तिच्या ध्वनिमुद्रणांचे व्यावसायिक आणि अनधिकृत असे दोन वर्ग केले जातात. कंपनीने कलावंतांशी करार करून प्रकाशित केलेली मुद्रणे पहिल्या वर्गात येतात. नभोवाणीवरून उतरवून घेतलेली किंवा प्रयोगाच्या वेळी परवानगीशिवाय केलेली मुद्रणे दुसऱ्या वर्गात मोडतात.

व्यावसायिक ध्वनिमुद्रणे

प्रमुख मुद्रणे पुढीलप्रमाणे आहेत. वर्षापुढे व्हायोलेताची भूमिका गाणारी गायिका, संचालक व कंपनी यांची नावे दिली आहेत.

• १९२८ – मेर्सेडेस काप्सीर, लोरेन्झो मोलायोली, कोलंबिया
• १९४६ – लिचिया अल्बानेझे, आर्तुरो तोस्कानिनी, आरसीए व्हिक्टर
• १९५३ – मारिया कॅलास, गाब्रिएले सान्तिनी, चेत्रा
• १९५५ – आन्तोनिएत्ता स्तेल्ला; तुल्लिओ सेराफिन; ईएमआय
• १९७६–७७ – इलिआना कोत्रुबाश, कार्लोस क्लायबर, डॉइचे ग्रामोफोन
• १९९४ – अँजेला गिओर्गिउ; गेओर्ग शॉल्टी; डेका

यांपैकी तोस्कानिनी यांचे मुद्रण मुळात न्यूयॉर्कमधील एनबीसी वाद्यवृंदाच्या नभोवाणी कार्यक्रमाचे असून ते पुढे अधिकृतपणे प्रकाशित झाले.

अनधिकृत ध्वनिमुद्रणे

कॅलास यांचे संपूर्ण संगीतिकेचे स्टुडिओतील मुद्रण चेत्रासाठी केलेले एवढे एकच आहे. त्या करारातील अटींमुळे ठरावीक मुदतीपर्यंत त्यांना हीच संगीतिका अन्य कंपनीसाठी मुद्रित करता येत नव्हती. परिणामी ईएमआयने १९५५ मध्ये स्तेल्ला यांची निवड केली. त्याच वर्षी २८ मे रोजी मिलानच्या ला स्कालात लुकिनो विस्कोन्ती दिग्दर्शित व कार्लो मारिया जुलिनी संचालित प्रयोगात कॅलास यांनी व्हायोलेता साकारली. तो प्रयोग आज ऐकता येतो तो केवळ प्रयोगावेळच्या मुद्रणामुळे.

लिस्बनमधील साओ कार्लुश नाट्यगृहातील २७ मार्च १९५८ चा प्रयोग (आल्फ्रेदो – आल्फ्रेदो क्राउस, संचालक – फ्रांको गिओने) प्रारंभी संग्राहकांमध्येच फिरत होता, नंतर ईएमआयने तो स्वतः प्रकाशित केला. टेरेन्स मॅकनली यांच्या ‘द लिस्बन ट्रॅव्हिआटा’ या नाटकाचे शीर्षक याच मुद्रणावरून आले आहे. अशा उदाहरणांत एकच मुद्रण कालांतराने एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाते. त्यामुळे सूचीत प्रयोगाची तारीख आणि प्रकाशनाचे वर्ष यांच्या स्वतंत्र नोंदी आवश्यक ठरतात.

सूचिकरणातील अडचणी

अनधिकृत प्रतींवर तारीख, नाट्यगृह किंवा कलावंतांची नावे चुकीची आढळू शकतात. ध्वनिफितीचा वेग बदलल्यास स्वरपट्टी चढते वा उतरते आणि कालावधीही बदलतो. दुसऱ्या अंकातील आल्फ्रेदो व जेर्मों यांच्या गीतांचे द्रुत उत्तरार्ध प्रयोगांत परंपरेने गाळले जात. म्हणून केवळ एकूण कालावधीवरून दोन प्रती एकाच प्रयोगाच्या आहेत की नाहीत हे ठरवता येत नाही.

ओळख पटवण्यासाठी मुद्रणातील खुणा उपयोगी पडतात. पहिल्या अंकाच्या अखेरीस व्हेर्दींनी न लिहिलेला, पण अनेक गायिका घेतात तो तार कोमल गंधार आहे की नाही, हे त्यासाठी पाहिले जाते. टाळ्यांची जागा, खोकल्याचे आवाज आणि लिस्बनच्या मुद्रणाप्रमाणे स्पष्ट ऐकू येणारा प्रॉम्प्टरचा आवाज यांवरूनही प्रती ताडून पाहता येतात.