भिलाई : लोकांना आपलेसे करण्याचे दोन मार्ग

एखादी संस्था किंवा नेता लोकांची मने जिंकू पाहतो, तेव्हा आपण बहुधा त्याची भाषणे आणि जाहिराती तपासतो. या टिपणात दुसरा प्रश्न घेऊ : शब्दांच्या मागे लोकांच्या हाती काय पडले, आणि कोणाच्या हाती पडले नाही? भिलाईत असे दोन प्रयत्न झाले, एक वरून आणि एक खालून.

१. पोलाद आणि मैत्री

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाई पोलाद कारखान्याचा करार झाला. सुरुवातीची क्षमता वर्षाला दहा लाख टन होती. सोव्हिएत कर्ज अडीच टक्के व्याजाने, बारा वर्षांत फेडायचे होते. त्याच सुमारास राउरकेल्याला पश्चिम जर्मनी आणि दुर्गापूरला ब्रिटन मदत करत होते. शीतयुद्धाच्या काळात हे तिन्ही कारखाने म्हणजे त्या त्या देशांची प्रदर्शनेच होती.

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. पुढच्याच वर्षी ख्रुश्चेव्ह भिलाईला येऊन गेले. शहरातली 'मैत्री बाग' आजही त्या संबंधांची आठवण देते. तुमच्यापैकी अनेकांनी इरोदोव्ह यांची भौतिकशास्त्राची गणिते सोडवली असतील. मॉस्कोच्या मीर प्रकाशनाची अशी स्वस्त पुस्तके आणि मुंबईच्या आयआयटीला मिळालेली सोव्हिएत मदत हाही याच प्रयत्नाचा भाग होता.

भारत सरकारलाही आपल्याच जनतेला काही पटवून द्यायचे होते. नेहरूंच्या दृष्टीने धरणे आणि कारखाने ही नव्या भारताची तीर्थस्थाने होती. भिलाईत देशभरातून माणसे आली. त्यांना पक्की नोकरी, सेक्टरमधले घर, शाळा आणि दवाखाना मिळाला. म्हणून त्यांना ते स्वप्न खरे वाटले.

मात्र ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या आसपासच्या गावांत वेगळेच बोलले जात होते. बांधकामाला माणसाचा बळी लागतो, अशा अफवा उठल्या. त्यांना अडाणीपणा म्हणून सोडून देऊ नका. ज्याला प्रश्न विचारायला जागा नसते, त्याची भीती अफवेतून बोलते.

२. दल्ली-राजहरा

कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहराच्या खाणींत हजारो कंत्राटी मजूर राबत होते. पक्क्या कामगारांच्या सोयी त्यांच्यापर्यंत पोहोचल्या नव्हत्या. १९७७ मध्ये त्यांनी स्वतःची संघटना उभारली आणि शंकर गुहा नियोगी तिचे नेते झाले. ते पूर्वी भिलाईच्याच कारखान्यात कामाला होते. त्याच वर्षी जूनमध्ये झालेल्या पोलीस गोळीबारात अकरा जण मारले गेले.

संघटनेलाही लोकांना वळवायचे होते. तिने लाल-हिरवा झेंडा घेतला. १८५७ मध्ये रायपूरला फाशी गेलेले सोनाखानचे वीर नारायण सिंह यांची स्मृती जागवली. पण ती एवढ्यावर थांबली नाही. मजुरी वाढली, तेव्हा तो पैसा गुत्त्यात जाऊ नये म्हणून दारूबंदीची चळवळ केली. १९८३ मध्ये कामगारांच्या वर्गणीतून आणि श्रमातून शहीद रुग्णालय उभे राहिले.

पुढे नियोगींनी भिलाईच्या खासगी उद्योगांतील कंत्राटी कामगारांना संघटित करायला घेतले. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे त्यांच्या घरात, झोपेत असताना, गोळी घालून त्यांची हत्या झाली.

३. तुलना

दोन्ही प्रयत्नांत प्रतीके होती, आणि प्रतीकांच्या मागे प्रत्यक्ष काम होते. फरक सहभागाचा होता. कारखान्याने लोकांना सोयी दिल्या, पण काय द्यायचे आणि कोणाला, हे वरून ठरले. रुग्णालय मजुरांनी स्वतः बांधले. दिलेल्या गोष्टीबद्दल माणूस कृतज्ञ असतो, तर स्वतः उभारलेली गोष्ट तो राखतो.

तरीही पहिल्या प्रयत्नाला खोटे म्हणू नका. भिलाईत रुळ तयार झाले, हजारो घरांत पहिला पगार आला. त्याची मर्यादा त्याच्या कक्षेबाहेर उभ्या असलेल्या माणसाकडून विचारावी लागते.

विचारासाठी प्रश्न

१. तुमच्या जिल्ह्यातील एखादा मोठा प्रकल्प घ्या. त्याच्या प्रचारात कोण दिसते आणि कोण दिसत नाही?
२. परदेशी मदत आणि परदेशी प्रचार यांत सीमारेषा कुठे आखाल?
३. अफवेचा इतिहासाचे साधन म्हणून उपयोग कसा करता येईल?