नक्षीचा वाचक

यंत्रांचा इतिहास लिहिणारे बहुधा शोधकांचीं नांवें लिहितात, कारखानदारांचीं लिहितात, क्वचित् बंड करणाऱ्या कामगारांचीही दखल घेतात. परंतु नक्षी काढणारा आणि ती प्रत्यक्षांत उतरविणारा यांच्यामध्यें जो तिसरा मनुष्य बसलेला असे, त्याची आठवण सहसा कोणी ठेवीत नाहीं. चित्रकाराच्या कागदावरील फूल विणकराच्या हाताला आपोआप समजत नाहीं. तें कोणी तरी वाचावें लागतें, त्याचे धागे मोजावे लागतात, आणि राबणाऱ्या हाताला किंवा यंत्राला उमजेल अशा भाषेंत तें सांगावें लागतें. जून २०२५ मध्यें फिग्मा या रेखाटन-साधनाची कोड लिहिणाऱ्या एआय सहायकांशीं थेट जोडणी प्रयोगादाखल खुली झाली. संगणकाच्या वा फोनच्या पडद्यावर आपण जीं पानें आणि बटणें पाहतों, तीं आधीं एक जण आखतो व मग दुसरा त्यांचा कोड लिहितो. या दोघांमधील अंतर तोडण्याचा हा उद्योग होय. तो अगदीं नवा म्हणून वाखाणला जातो. आमच्या मतें तो वाचकाच्या जुन्या धंद्यांतील अलीकडचा फेरफार आहे, आणि तो धंदा कसा चाले हें पाहिल्याखेरीज या जोडणीचें बलाबल कळावयाचें नाहीं.

या धंद्याचें सर्वांत स्वच्छ उदाहरण आपल्याच देशांत, काश्मीरांत आहे. विल्यम मूरक्रॉफ्ट हा इंग्रज प्रवासी १८२२-२३ मध्यें तेथें होता. शालींच्या विणकामाची त्यानें मोठ्या बारकाईनें टिपणें केलीं. नक्काश रंगांवांचून नुसती आकृति काढी. मग तरह-गुरू ती पुढें घेऊन बसे आणि नक्षीच्या पायथ्यापासून आरंभ करून कोणता रंग, किती धाग्यांपर्यंत, हें मोठ्यानें सांगत जाई. तालीम-गुरू तें खुणांच्या लघुलिपींत उतरवून घेई. आपल्याकडे तालीम म्हटली कीं नाटकाची किंवा पैलवानांची आठवते. काश्मीरी कारागिराची तालीम मात्र कागदावर लिहिलेली असे. विणकरापुढें असे ती तालीम, चित्र नव्हे. इतकेंच काय, शालीची सुलट बाजू जमिनीकडे असल्यामुळें विणतांना त्याच्या डोळ्यांसमोर उलट बाजूच येई. पाहिलें नाहीं असें फूल तो पाठीकडून विणीत होता, आणि तें बिनचूक उमलत होतें.

तें बिनचूक कां उमले? तालमींत फुलाचें रूप नव्हतेंच. तींत फक्त रंगांच्या खुणा आणि धाग्यांची संख्या होती. चित्राची नक्कल करतांना रेघ हलते, छटा बदलते. ‘लाल चार, पांढरे दोन’ याची नक्कल करतांना कांहीं बिघडत नाहीं. म्हणूनच पुढें एकच शाल अनेक मागांवर तुकड्यातुकड्यांनीं विणून रफूगाराकडून जोडून घेणें शक्य झालें. रूपाचें संख्येंत आणि नांवांत रूपांतर करणें, ही या वाचकाची खरी करामत होती. बनारसचा नक्षाबंद हेंच काम कागदाऐवजीं सुताच्या जाळ्यांत करी.

फ्रान्सांतील लियॉन शहरीं हाच मनुष्य दुसऱ्या वेषांत भेटतो. तेथें रेशमी कापडाची नक्षी आधीं बारीक चौकटींच्या कागदावर उतरवीत. मग ‘लीझर’, म्हणजे शब्दशः वाचकच, तो कागद ओळीओळीनें वाची आणि कोणते धागे उचलावयाचे तें दोऱ्यांत गुंफून ठेवी. त्या दोऱ्या ओढावयास मागाशेजारीं एक पोरगा उभा असे. यंत्राची सुधारणा झाली ती येथें. बासिल बुशाँनें १७२५ मध्यें भोकें पाडलेला कागद वापरला, फाल्काँनें त्याच्या जागीं पत्रें आणलीं, व्होकान्सननें आपली भर घातली, आणि १८०४ च्या सुमारास जोसेफ मारी जॅकार्डनें या साऱ्यांतून एक टिकाऊ यंत्र उभें केलें. सोलापुरी चादरीच्या कृपेनें हें नांव आपल्या घरांत अपरिचित नाहीं.

या यंत्रानें माणसाची जागा घेतली असें आपण म्हणतों. कोणत्या माणसाची? दोऱ्या ओढणाऱ्या पोराची. वाचकाची नव्हे. उलट, बाण्याच्या प्रत्येक फेकीला भोकें पाडलेलें एक पत्र लागूं लागल्यावर वाचण्याचें काम वाढलेंच. १८३९ मध्यें जॅकार्डचें एक चित्र रेशमांत विणण्यांत आलें. त्यास २४,००० पत्रें लागलीं. पाहणारास तें विणलेलें नसून कोरलेल्या ठशावरून छापलेलें वाटे. संगणकाचा पूर्वज कल्पिणाऱ्या चार्ल्स बॅबेजनें त्याची एक प्रत मोठ्या अभिमानानें जवळ बाळगली होती. परंतु त्या चोवीस हजार पत्रांतील एकही भोंक कोठें असावें, हें यंत्रानें ठरविलेलें नव्हतें.

शिवाय हें वाचन नुसतें मोजण्याचें काम नव्हतें, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. चित्रांतील पाकळी एका रंगाची, सपाट असते. ती तशीच विणली तर रेशमाचा धागा लांबवर मोकळा राहील, नखाला अडकेल, आणि चार दिवसांत वस्त्राची दशा होईल. म्हणून त्याला मधूनमधून बांधून घ्यावें लागतें. हे बांध चित्रकारानें दाखविलेले नसत. चौकटींवर नक्षी उतरविणाऱ्यानें ते आपल्या ज्ञानानें घालावयाचे, आणि तेही असे कीं पाकळीच्या शोभेला धक्का लागूं नये. चित्रांत जें नाहीं पण वस्त्राला जें हवें, तें या मधल्या माणसाच्या डोक्यांत असे. १९६० नंतरच्या दशकांत आयबीएममधील जॅनिस लॉरी यांनीं संगणकाच्या साह्यानें हेंच काम हलकें केलें: नक्षीच्या कोणत्या भागास कोणती वीण हें सांगितलें कीं चौकटी भरण्याचें किचकट काम यंत्र करी. वीण कोणती हें मात्र मनुष्यच सांगे.

याच सुमारास दुसरीकडे एक अधिक मूलगामी गोष्ट घडली होती. १९६३ मध्यें आयव्हन सदरलंड या तरुणानें मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेंत आपल्या प्रबंधासाठीं ‘स्केचपॅड’ नांवाची आज्ञावली सादर केली. टीएक्स-२ या संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीनें रेघ ओढतां येई, एवढेंच तिचें नवल नव्हतें. त्या रेघेला आपलें नातें ठाऊक असे. या दोन रेघा समांतर, या दोन समान, असें एकदां सांगितलें कीं एक हलविल्यावर दुसरी आपोआप जुळवून घेई. शिवाय एक मूळ आकृति करून तिच्या हव्या तितक्या प्रती मांडाव्यात. मूळ सुधारलें कीं साऱ्या प्रती सुधारतात. रेखाटन केवळ दिसण्यापुरतें न राहतां त्याच्या पोटांत त्याची तालीमही राहूं लागली. आमच्या अल्प समजुतीप्रमाणें या साऱ्या इतिहासांतील सर्वांत मोठें पाऊल हेंच. पुढील साठ वर्षांत त्यावर मजले चढले, पाया तोच राहिला.

आश्चर्य असें, कीं हें गवसलेलें पुढें पुन्हा हरवलें. १९८८ च्या नेक्स्ट संगणकावरील झाँ-मारी युलो यांच्या ‘इंटरफेस बिल्डर’मध्यें व १९९१ च्या ‘व्हिज्युअल बेसिक’मध्यें रेखाटन आणि आज्ञावली एका घरांत नांदत होतीं. परंतु जागतिक जाळ्याचा काळ आला आणि त्यांची फारकत झाली. पानाचें चित्र फोटोशॉपमध्यें रंगवावें, तें कापून त्याचे तुकडे करावेत, आणि कोड लिहिणाऱ्यानें डोळ्यांनीं पाहून, अंतरें मोजून तें पुन्हा हातानें रचावें, असा परिपाठ पडला. हें फोटोशॉप मूलतः छायाचित्रांचें साधन. त्याला बटण म्हणजे काय हें कोठून कळावें? त्याच्या लेखीं बटण म्हणजे रंगाचा एक चौकोन. साहजिकच तालीम-गुरूचा पुनर्जन्म झाला. ‘पीएसडी टू एचटीएमएल’ या नांवानें हा एक स्वतंत्र व्यवसायच बनला, आणि त्यांतील पुष्कळ काम आपल्या देशांतील तरुणांनीं केलें. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांनीं पहिला पगार याच कामावर घेतला. कोठें तरी दूर बसलेल्या चित्रकाराच्या मनांत काय असावें, याचा तर्क करीत करीत ते पोक्त झाले.

हा वाचक यंत्रानेंच कां होऊं नये, हा प्रश्न पुढें येणें अपरिहार्य होतें. २०१७ मध्यें ‘पिक्स२कोड’ या प्रयोगांत पडद्याचें नुसतें चित्र पाहून कोड रचण्यास यंत्राला शिकविण्यांत आलें. त्याच्या कर्त्यानें अचूकता शेंकडा ७७ च्या वर सांगितली. वस्त्राच्या हिशेबानें पाहिलें तर दर शंभर धाग्यांत तेवीसांपर्यंत धागे चुकीचे! मार्च २०२३ मध्यें जीपीटी-४ च्या प्रात्यक्षिकांत वहीच्या पानावर हातानें काढलेल्या रेखाटनावरून एक चालतें संकेतस्थळ तयार करून दाखविलें, तेव्हां लोक थक्क झाले, आणि तें योग्यच होतें. पण ही सारी प्रगति चित्र अधिक चांगलें पाहण्याची होती. काश्मीरनें तर दोनशें वर्षांपूर्वींच दाखवून दिलें होतें कीं विणणाराला चित्र न दाखवितां तालीम द्यावी.

नवी जोडणी तें करते, म्हणून तिचें महत्त्व. फिग्मा हें साधन डिलन फील्ड व इव्हान वॉलेस यांनीं २०१२ मध्यें हातीं घेतलें व २०१६ मध्यें तें सर्वांस खुलें झालें. तें ब्राउझरमध्यें चालतें, आणि त्यांतील रेखाटन रंगांचा थर म्हणून न राहतां वंशवृक्षासारखें मांडलेलें असतें: या चौकटीच्या पोटांत ही ओळ, ओळींत हें बटण, बटणांत हा शब्द. सदरलंडची मूळ आकृति आणि तिच्या प्रती येथेंही आहेत. उणीव होती ती एवढीच, कीं हें सारें सहायकाला वाचून दाखविणारा कोणी नव्हता. नोव्हेंबर २०२४ मध्यें अँथ्रॉपिक कंपनीनें ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नांवाचा सर्वांस खुला असा संकेत प्रसिद्ध केला. दहा सहायक आणि दहा साधनें असलीं तर एरवीं शंभर निरनिराळे पूल बांधावे लागते. सर्वांनीं एकच संकेत पाळला कीं ज्यानें त्यानें आपला एक दरवाजा केला म्हणजे पुरे. फिग्मानें आपला दरवाजा जून २०२५ मध्यें उघडला. आतां कोड लिहिणारा एक चौकट निवडतो, सहायक त्या दरवाजाशीं जाऊन विचारतो, आणि त्याला चित्र हवें असल्यास तें मिळतेंच; पण त्यासह घटकांची रचना, अंतरांचे आंकडे, आणि रंगांचीं ठरविलेलीं नांवेंही मिळतात. हा निळा अमुक निळ्यासारखा दिसतो असा तर्क करण्याचें कारण उरत नाहीं. तो ‘मुख्य निळा’ आहे असें त्याला कळतें.

मात्र तालीम चांगली असावयास तरह-गुरू चांगला असावा लागतो. घाईच्या चित्रकारानें चौकटींना नांवेंच दिलेलीं नसतात; ‘फ्रेम ४२७’ असें यंत्रानें दिलेलें नांव तसेंच राहतें. अशा रेखाटनाची तालीम म्हणजे आंकड्यांचा ढीग. सहायक तो निमूटपणें विणतो, पान हुबेहूब दिसतें, आणि फोनची रुंदी बदलली कीं मोडून पडतें. दुसरें असें, कीं रेखाटनांत एकच घटका गोठलेली असते. नांव लांबलचक असलें तर काय, यादी रिकामी असली तर काय, जाळें तुटलें तर काय, हें त्यांत बहुधा नसतें. मराठी वाचकाला तर याचा रोजचा अनुभव आहे. ‘सेव्ह’ या अर्थाचा रोमन लिपींतील शब्द मनांत धरून आंखलेल्या बटणांत मराठी शब्द घातला कीं उंची पुरत नाहीं, आणि खालचा उकार किंवा वरची वेलांटी कापली जाते. रेशमाच्या मोकळ्या धाग्यासारखेंच हें. बांध चित्रांत नव्हता, आणि घालणारा मधून उठून गेला आहे.

आम्हांस चिंता वाटते ती येथें. पीएसडीचे तुकडे जोडीत बसणें हें कांहीं कोणी अभिमानानें सांगावें असें काम नव्हतें, आणि तें गेलें म्हणून रडण्याचें कारण नाहीं. पण धागा कोठें सुटतो हें नवशिक्याला कळे तें त्याच कंटाळवाण्या वाचनांत. तें वाचन यंत्रानें केल्यावर हें शहाणपण नव्या पिढीला कोणत्या वाटेनें यावें, याचें उत्तर हीं साधनें करणाऱ्यांनीं दिलेलें नाहीं. देण्याची जबाबदारी त्यांची आहे असेंही त्यांना वाटत नसावें. महाविद्यालयांनीं तर तो प्रश्न विचारलेलाही आमच्या ऐकिवांत नाहीं.

तथापि हा मधला मनुष्य अद्याप पुरता नाहींसा झालेला नाहीं. फिग्मानें २०२४ मध्यें ‘कोड कनेक्ट’ नांवाची एक सोय काढली. रेखाटनांतील अमुक बटण म्हणजे आमच्या कोडमधील अमुक घटक, अशी गांठ तींत मारून ठेवतां येते. मग सहायक नवें बटण रचीत न बसतां आधीं तपासलेलें, उकार न कापणारें बटणच उचलतो. ही गांठ कोणी तरी विचारपूर्वक मारावी लागते. त्या मनुष्यास रेखाटनही वाचतां आलें पाहिजे आणि कोडही. कोणतीं दोन बटणें सारखीं दिसूनही वेगळीं आहेत, आणि कोणतीं वेगळीं दिसूनही एकच आहेत, हें त्यानें ठरवावयाचें असतें. बऱ्याच कचेऱ्यांत या कामाला अजून धड हुद्दाही नाहीं; ज्याला सवड असेल तो करतो.