चुकीची दोषसिद्धी
निरपराध व्यक्तीला न्यायालयाने गुन्हेगार ठरवणे. साक्षीदाराची ओळखण्यातील चूक, दबावाखालची कबुली, दडवलेला पुरावा ही प्रमुख कारणे. नाशिकजवळील २००३ च्या दरोडा, बलात्कार व खून प्रकरणात भटक्या जमातीतील सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये फाशीची शिक्षा सुनावली. उच्च न्यायालयाने त्यांपैकी तिघांना दिलेली जन्मठेपही फाशीत बदलली. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानेच सर्वांना निर्दोष सोडले. जखमी साक्षीदार महिलेने पोलिसांकडील छायाचित्रांतून चार वेगळीच माणसे ओळखली होती. त्यांचा तपासच झाला नव्हता. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाईचा आदेश झाला. सुमारे सोळा वर्षांच्या तुरुंगवासापुढे ती तोकडीच. अमेरिकेत या विषयाच्या अभ्यासाला डीएनए चाचणीने गती दिली. भारतात विधी आयोगाच्या २७७ व्या अहवालाने (२०१८) भरपाईसाठी कायदेशीर तरतूद सुचवली.