मुदतीचा कायदा, बिनमुदतीचा कायदा : टाडा, पोटा आणि नंतर



आजच्या व्याख्यानाचा विषय म्हणून ‘दहशतवादविरोधी कायदे आणि संसदेतला वाद’ असं जाहीर झालं आहे. नाव भारदस्त आहे. आम्हाला मात्र बोलायचं आहे ते या कायद्यांतल्या एका किरकोळ दिसणाऱ्या पोटकलमावर. कायद्याच्या अगदी सुरुवातीला, नाव आणि व्याप्ती सांगून झाली की एक ओळ असते, की हा कायदा इतकी वर्षे अमलात राहील. लोक ती ओळ वाचून पुढे जातात. आम्हीही बरीच वर्षं तसेच पुढे गेलो. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचं लक्ष कबुलीजबाबाकडे जातं, जामिनाकडे जातं, ‘दहशतवादी कृत्य’ या शब्दांच्या व्याख्येकडे जातं. तारखांकडे कोण बघतो? पण सगळा वाद जिवंत राहिला तो त्या तारखांमुळे, असं आता आमचं मत झालं आहे.

सुरुवात २६ मार्च २००२ पासून करू. त्या दिवशी संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक भरली होती. अशी बैठक आपल्या प्रजासत्ताकात तोवर दोनदाच झाली होती: १९६१ मध्ये हुंडाबंदीच्या विधेयकासाठी आणि १९७८ मध्ये बँक सेवा आयोग रद्द करण्यासाठी. तिसरी ही, पोटासाठी. लोकसभेने विधेयक १८ मार्चला मंजूर केलं, राज्यसभेने २१ मार्चला ते ११३ विरुद्ध ९८ मतांनी फेटाळलं. मग सरकारने राज्यघटनेच्या १०८ व्या अनुच्छेदाचा आधार घेतला. लोकसभेचे अध्यक्ष बालयोगी त्याच महिन्याच्या सुरुवातीला हेलिकॉप्टर अपघातात गेले होते, त्यामुळे अध्यक्षस्थानी उपाध्यक्ष पी. एम. सईद होते. दिवसभर चर्चा झाली. मतदान झालं ४२५ विरुद्ध २९६.

आकडे आधीच ठाऊक होते, निकाल ठरलेलाच होता, मग चर्चा कशाला, असं तेव्हा अनेकांनी म्हटलं. आम्हालाही तेव्हा तसंच वाटलं होतं. आज नाही वाटत. पण त्याआधी थोडं मागे जावं लागेल.

मे १९८५. इंदिरा गांधींच्या हत्येला सहा महिने झालेले. १० मे रोजी दिल्लीत आणि आसपास ट्रान्झिस्टरमध्ये दडवलेले बॉम्ब फुटले. दोन आठवड्यांत टाडा अमलात आला, दोन वर्षांसाठी. १९८७ मध्ये तो नव्याने केला, पुन्हा दोन वर्षांसाठी. आता गंमत बघा. १९८९ मध्ये दुरुस्ती झाली आणि ‘दोन’च्या जागी ‘चार’ आलं. १९९१ मध्ये ‘चार’चं ‘सहा’ झालं. १९९३ मध्ये ‘आठ’. लहान मुलाची विजार खाली सोडून सोडून वापरावी तसा हा कायदा वाढवत नेला.

त्यात होतं काय? मुख्य गोष्ट कलम १५. पोलीस अधीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा म्हणून चालेल. सामान्य कायद्यात तो चालत नाही, आणि हा नियम काही स्वतंत्र भारताने दयाळूपणे केलेला नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम २५ इंग्रजांनी लिहिलेलं आहे. कोठडीत कबुली कशी मिळते हे त्या राज्यकर्त्यांनाही पक्कं माहीत होतं. ११ मार्च १९९४ रोजी कर्तारसिंग खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने टाडा वैध ठरवला. पण कलम १५ बाबत न्या. रामस्वामी आणि न्या. सहाय यांनी वेगळं मत नोंदवलं. म्हणजे तीन विरुद्ध दोन.

दुसरी बाजूही नीट मांडली पाहिजे. पंजाबात साक्षीदार मारले जात होते. १२ मार्च १९९३ ला मुंबईत एका दुपारी बारा-तेरा ठिकाणी स्फोट झाले, २५७ माणसं गेली. आपल्यापैकी कित्येकांना ती दुपार आठवत असेल. त्या खटल्यात आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयाने अखेर १०० जणांना दोषी ठरवलं, आणि पुराव्याचा मोठा भाग टाडाखालचे कबुलीजबाब हाच होता. ‘हा कायदा नसता तर तुम्ही काय केलं असतंत?’ हा प्रश्न पोकळ नव्हता. तो टाळून जे टाडावर टीका करतात त्यांची टीका आम्हाला अर्धवट वाटते.

पण हिशेबाची दुसरी बाजूही सरकारनेच दिली. १९९४ पर्यंत टाडाखाली अटक झालेल्यांची संख्या ७६ हजारांच्या आसपास गेली होती आणि दोषी ठरलेले शेकड्यात दोनही नव्हते. शिवाय त्या सुमारास अटकेत असलेल्यांत गुजरातचा वाटा फार मोठा होता, जिथे पंजाबसारखी सशस्त्र चळवळ नव्हती. शेतकरी, कामगार, विरोधक, अल्पसंख्याक: कायदा कुणासाठी केला आणि कुणावर गेला याची यादी राज्याराज्यांतून येऊ लागली. फेब्रुवारी १९९५ मध्ये मानवी हक्क आयोगाचे अध्यक्ष न्या. रंगनाथ मिश्र यांनी खासदारांना पत्र पाठवून मुदतवाढ देऊ नका असं कळवलं.

गृहमंत्री होते आपले शंकरराव चव्हाण. त्यांच्या सरकारने टाडाची मुदत वाढवली नाही. १८ मेला राज्यसभेत एक पर्यायी विधेयक मांडलं, ते तसंच राहिलं. २३ मे १९९५ ला टाडा संपला. कुणी रद्द केला नाही, कुणी आंदोलन करून पाडला नाही. त्याची तारीख आली आणि ‘पुढे चालू ठेवा’ असं म्हणायला सरकार धजावलं नाही. मार्चमध्ये महाराष्ट्रातली सत्ता काँग्रेसच्या हातून गेली होती, हेही त्यामागे असणार. राजकारण म्हणून नाकं मुरडू नका. तारीख नसती तर त्या राजकारणाला शिरायला दार कुठून मिळालं असतं?

आता पुन्हा २००२. ११ सप्टेंबर झालं होतं. २४ ऑक्टोबर २००१ ला पोटाचा अध्यादेश निघाला. १३ डिसेंबरला संसदेवरच हल्ला झाला. ३० डिसेंबरला अध्यादेश पुन्हा काढावा लागला. फेब्रुवारीच्या शेवटी गोध्रा आणि त्यानंतरचं गुजरात. गोध्रा प्रकरणातल्या आरोपींवर अध्यादेश लावला गेला, नंतरच्या दंगलीतल्या आरोपींवर नाही. टीका झाल्यावर तो तिथूनही काढला, आणि पुढे २००३ मध्ये पुन्हा लावला. मार्चची चर्चा या धगीत झाली.

गृहमंत्री अडवाणींनी विधेयक मांडलं. विरोधी पक्षनेत्या सोनिया गांधींनी विरोध केला. सत्ताधारी बाकांवरून एक मुद्दा पुनःपुन्हा आला: महाराष्ट्रात तुमचं सरकार मोक्का चालवतं, त्यात हाच कबुलीजबाब आहे, तो तुम्हाला मुंबईत चालतो मग दिल्लीत का नाही? तर्कशास्त्राच्या वर्गात आम्ही याला तर्कदोष म्हणून शिकवायचो. ‘तू तरी कुठे धुतल्या तांदळाचा’ म्हटल्याने स्वतःचं म्हणणं सिद्ध होत नाही. पण खरं सांगायचं तर मुद्दा बोचरा होता आणि त्याला धड उत्तर मिळालं नाही. मोक्का १९९९ चा, युती सरकारने आणलेला. त्याच वर्षी सरकार बदललं, काँग्रेस-राष्ट्रवादी आले, आणि मोक्का जागेवर राहिला. कर्नाटकातल्या काँग्रेस सरकारनेही त्याच धर्तीचा कायदा केला. संघटित गुन्हेगारी वेगळी नि दहशतवाद वेगळा हा बचाव २००६ नंतर उरलाच नाही, कारण लोकल गाड्यांतल्या स्फोटांचा खटला मोक्काखालीच चालला. १८० हून अधिक माणसं गेली त्या संध्याकाळी. २०१५ मध्ये बारा जण दोषी ठरले, आणि २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने, ते कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत असं म्हणत, बाराच्या बारा निर्दोष ठरवले. तोपर्यंत त्यातला एक तुरुंगात वारला होता. सर्वोच्च न्यायालयाने तीन दिवसांत सांगितलं की हा निकाल तूर्त दाखला म्हणून वापरू नये; प्रकरण अजून संपलेलं नाही. पण एकोणीस वर्षांनी मृतांच्या घरच्यांना काय कळलं? आणि सुटलेल्यांना काय मिळालं? मोक्काला मुदत नाही, हे इथे लक्षात ठेवा. विधिमंडळात त्याची उजळणी कधी ठरवून झाली नाही.

पोटाच्या बाबतीत मात्र विरोधाने काहीतरी पदरात पाडून घेतलं होतं, हे आम्ही २००२ मध्ये पाहिलं नाही. अध्यादेशात मुदत पाच वर्षांची होती, विधेयकात ती तीन झाली. माहिती न दिल्याबद्दल पत्रकारांनाही अडकवू शकणारं पोटकलम गळलं. आणि जामिनाच्या कलमात एक परंतुक होतं. जामीन फार कठीण. पण अटकेला एक वर्ष झालं की ती खास अट सुटावी अशी ती तरतूद होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००३ मध्ये पोटा वैध ठरवताना तिचा तसाच अर्थ लावला. म्हणजे कायद्याला तीन वर्षांची मर्यादा, आणि माणसाच्या बिनजामीन कोठडीला एका वर्षाची. मतदानात हरलेल्या बाजूचे ठसे अंतिम मजकुरात असे दिसतात.

आणि मग वायको. त्यांचा एमडीएमके हा पक्ष सत्ताधारी आघाडीत होता. त्यांनी संसदेत पोटाच्या बाजूने मत दिलं. चार महिनेही झाले नाहीत. ११ जुलै २००२ ला, एलटीटीईच्या समर्थनार्थ केलेल्या एका भाषणावरून, जयललितांच्या सरकारने त्यांना चेन्नईत पोटाखाली पकडलं. २००४ च्या फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे जवळपास एकोणीस महिने, ते तुरुंगात होते. लोक याला काव्यात्म न्याय म्हणून हसले. आम्हाला हसू येत नाही. एका खासदाराने कायदा करताना स्वतःला नेहमी फिर्यादीच्या जागी कल्पिलं होतं, आरोपीच्या जागी नव्हे. आणि त्या दिवशी हात वर करणाऱ्या ४२५ जणांपैकी बहुतेकांनी तेच केलं असणार. उत्तर प्रदेशात मायावतींच्या सरकारने राजाभैय्यांवर पोटा लावला, मुलायमसिंगांनी येताच काढला. कायदा राज्याराज्यांत सत्तेबरोबर कूस बदलत होता.

२००४ मध्ये सरकार बदललं. नव्या सरकारच्या किमान समान कार्यक्रमात पोटा रद्द करण्याचं वचन होतं. २१ सप्टेंबर २००४ ला अध्यादेशाने तो रद्द झाला. आता हिशेब करा. २४ ऑक्टोबर २००१ पासून तीन वर्षं. म्हणजे जेमतेम महिन्याभराने तो आपोआप मरणार होता! त्या मरणपंथाला लागलेल्या कायद्याला वाजतगाजत रद्द केलं, आणि त्याच दिवशी दुसऱ्या अध्यादेशाने १९६७ च्या यूएपीए या जुन्या कायद्यात दहशतवादाची प्रकरणं घातली. व्याख्या बऱ्याचशा त्याच, बंदी असलेल्या संघटनांची यादी तीच. पोलिसांपुढचा कबुलीजबाब गाळला, ही खरी सुधारणा होती आणि तिचं श्रेय द्यायला हवं. पण यूएपीएला मुदत नाही. टाडाच्या वेळी दर दोन वर्षांनी सरकारला सभागृहात येऊन हात पसरावा लागायचा, तो प्रसंगच संपला. सुंभ जळाला आणि पीळ दुसऱ्या दोराला दिला. नागरी हक्कवाल्या आमच्या मित्रांनी तेव्हा पेढे वाटले होते. त्यातला एक आम्हीही खाल्ला.

उरलेलं २००८ मध्ये झालं. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर गृहमंत्री शिवराज पाटील गेले, चिदंबरम आले. १६ डिसेंबरला विधेयकं मांडली, १७ ला लोकसभेत मंजूर, १८ ला राज्यसभेत. आरोपपत्राविना कोठडी १८० दिवसांपर्यंत, जामिनाची कठोर अट परत आली. पोटातलं ते एका वर्षाचं परंतुक मात्र नाही आलं. पोटाला विरोध केलेला पक्ष आता मांडणारा होता, पोटा आणलेला पक्ष म्हणत होता की हे आम्ही आधीच सांगितलं होतं. काही सदस्यांनी हरकती नोंदवल्या, पण मुंबई अजून धुमसत होती आणि ऐकायला वेळ कुणाला होता? आम्ही त्या खासदारांना दोष देत नाही. त्या आठवड्यात आम्ही तिथे असतो तर आमचाही हात वर गेला असता, असं वाटतं. म्हणूनच तर मुदत लागते: डिसेंबरात वर गेलेल्या हाताला दोन वर्षांनी, डोकं थंड झाल्यावर, पुन्हा विचारावं, तुला अजून हेच म्हणायचं आहे का?

ते विचारायची सोय २००८ च्या दुरुस्तीत नव्हती. २०१९ मध्ये संघटनेबरोबर एकट्या व्यक्तीलाही दहशतवादी घोषित करण्याचा अधिकार सरकारला मिळाला, त्यातही नव्हती. २ ऑगस्टला राज्यसभेत मतं पडली १४७ विरुद्ध ४२. बाजूच्या मतांत काँग्रेसचीही होती.

एवढंच सांगायचं होतं. घोटभर पाणी घेतो, मग तुमचे प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून मघाशी कुणीतरी हात वर केला होता, सुरुवात तिथून करू या.